फुलपाखराची पूड आणि डोळे
गोव्यातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर पावसाळ्यात गवत वाढले की छोटी पिवळी फुलपाखरे दिसू लागतात, आणि मुलांना जुना इशाराही मिळू लागतो: पंखांची पूड डोळ्यांत गेली तर आंधळेपण येते. ही पूड म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले असून, कीटकांचे कवच ज्या कायटिनचे असते त्याचेच ते बनलेले असतात. डोळ्यांत गेल्यास ते धुळीसारखे खुपतात; तेव्हा न चोळता स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. काही केसाळ सुरवंटांचे केस मात्र डोळ्याला खरोखर इजा करतात, आणि भीती बहुधा तिथूनच आली असावी. गळून पडलेला पंख भिंगाखाली धरला, तर कौलांसारख्या खवल्यांच्या ओळी दिसतात. बोट फिरवले की तिथला रंग जाऊन पारदर्शक पडदा उरतो. खवले पुन्हा उगवत नसल्यामुळे ही तपासणी जिवंत फुलपाखरावर करू नये.