चारित्र्य पडताळणी (नोकरभरतीतील)

नोकरीसाठी निवडलेल्या उमेदवाराला पूर्वी कधी अटक, खटला किंवा शिक्षा झाली होती काय, हे त्याच्याकडून लिहून घेण्याची व पोलिसांकडून तपासण्याची पद्धत. भारतात शासकीय सेवेत हा नेमणुकीचा नेहमीचा टप्पा आहे. खाजगी नोकऱ्यांसाठी सर्वसाधारण कायदा नाही. सुरक्षारक्षकांची पडताळणी मात्र २००५ च्या कायद्याने बंधनकारक केली आहे.

शासकीय सेवेत उमेदवार 'साक्षांकन नमुना' भरतो. अटक, स्थानबद्धता, दंड, दोषसिद्धी, प्रलंबित खटला अशा प्रत्येक बाबीपुढे 'होय' किंवा 'नाही' लिहायचे असते आणि माहिती लपवल्यास नेमणूक रद्द होईल, अशी ताकीद नमुन्यातच छापलेली असते. त्यामुळे कित्येकदा मूळ गुन्हा किरकोळ असतो, पण नोकरी जाते ती 'नाही' या एका शब्दापायी. गावातल्या भांडणात नाव गोवले गेलेला, पुढे तडजोडीने सुटलेला तरुण 'आता काही राहिले नाही' असे समजून त्या रकान्यात 'नाही' लिहितो, हे ध्यानात घेतले पाहिजे. दिल्ली पोलीस भरतीतील अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, तरुण वयातील चुकीकडे उदारपणे पाहावे, असे सांगून उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला.

तथापि वेगवेगळ्या खंडपीठांचे निकाल परस्परविसंगत राहिल्याने हा प्रश्न तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' (२०१६) या निकालाने ठरवलेली तत्त्वे आजही आधारभूत मानली जातात. उमेदवाराने खरी माहिती दिलीच पाहिजे. पण तरुणपणी घोषणा देण्यासारखी क्षुल्लक बाब लपवली गेली असल्यास नियोक्ता ती स्वविवेकाने दुर्लक्षू शकतो. उलट, सर्व काही खरे सांगितले तरी पूर्ववृत्त तपासण्याचा आणि नेमणूक नाकारण्याचा त्याचा अधिकार कायम राहतो. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला माहिती दडवल्याबद्दल काढायचे, तर आधी विभागीय चौकशी आवश्यक असते. यांतले सर्वांत मोलाचे तत्त्व प्रश्नाच्या शब्दरचनेविषयी आहे: नमुन्यातील प्रश्न नेमका असावा, आणि जे नेमकेपणाने विचारले नाही ते न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार, अज्ञान वयातील दोषसिद्धीमुळे सामान्यतः अपात्रता येत नाही. अपवाद सोळा वर्षांवरील ज्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवून त्याला दोषी ठरवले गेले त्याचा. नमुन्यात 'कधीही अटक झाली होती काय' असे विचारलेले असते; त्यातला 'कधीही' हा शब्द मात्र वयाचा भेद करीत नाही, आणि ही उणीव दूर होणे अगत्याचे आहे.