बंदिशीची तालीम

हिंदुस्थानी ख्यालगायनात नवी बंदिश गुरूकडून घेऊन ती गळ्यावर चढेपर्यंत घोटण्याची प्रक्रिया. गवयांच्या बोलण्यात बंदिश म्हणजे ‘चीज’. स्थायी (जुन्या गवयांची ‘अस्ताई’) आणि अंतरा हे तिचे दोन भाग.

रागाचे आरोह-अवरोह आणि मुख्य स्वरसंगती आधी गळ्यात असाव्या लागतात. मग तंबोऱ्यावर गुरू एक ओळ गातो आणि शिष्य ती तशीच गातो. एकाच ओळीवर सगळी बैठक खर्ची पडणे यात काही विशेष नाही. सर्वांत जास्त मेहनत मुखड्यावर, म्हणजे पहिल्या ओळीच्या समेपर्यंतच्या तुकड्यावर होते, कारण प्रत्येक आलाप (संथ स्वरविस्तार) आणि तान (जलद स्वरांची लड) संपवून गायकाला त्यावरच परतायचे असते. तीनतालात सोळा मात्रा, पहिलीवर सम (आवर्तनाची सुरुवात) आणि नववीवर खाली (टाळीऐवजी हात मोकळा सोडण्याची जागा). पुष्कळ छोट्या (जलद लयीच्या) ख्यालांचा मुखडा खालीपासून उठतो आणि आठ मात्रा ओलांडून समेवर येतो. नवशिका इथेच अडखळतो: टाळीकडे लक्ष दिले की शब्द मागेपुढे होतात, शब्द सांभाळले की खाली हुकते. अशा वेळी सूर बाजूला ठेवून, हातावर ताल धरून नुसते बोल म्हणवून घेणे फार उपयोगी पडते. मुखडा न चुकता समेवर येऊ लागल्याशिवाय तानांच्या मागे लागू नये.

बड्या, म्हणजे संथ लयीच्या ख्यालाचे गणित निराळे. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांच्या एका आवर्तनाला पाऊण ते एक मिनिट लागू शकते. तिथे कोणते अक्षर मात्रेवर ठेवायचे आणि कोणते किंचित मागे रेंगाळू द्यायचे, हे ऐकूनच उमगते. ग्वाल्हेर परंपरेत आलापी सुरू करण्याआधी स्थायी-अंतरा पूर्ण गाण्याचा प्रघात आहे, त्यामुळे तिथे संपूर्ण बंदिशीची तालीम विशेष कसून होते. ही गायकी महाराष्ट्रात रुजवण्याचे मोठे श्रेय बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांना जाते.

त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वतःची स्वरलेखन पद्धती वापरली. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ठिकठिकाणच्या उस्तादांकडून चिजा मिळवून क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, समेला फुली, खालीला शून्य ही त्यांची चिन्हे आजही वह्यांत दिसतात. या कामाचे मोल फार मोठे आहे, तरी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे), कण (मुख्य स्वराला लागून येणारा निसटता स्वर) आणि शब्द टाकण्याची लकब कागदावर पुरती उतरत नाही. म्हणून चीज आधी कानाने घ्यावी आणि वही नंतर उघडावी, हा जुना क्रमच बरा. एकच बंदिश दोन घराण्यांत वेगळ्या पाठाने गायली जाते. अशा वेळी शिष्य आपल्या गुरूचा पाठ धरतो.

बंदिशींची भाषा बहुधा ब्रज असल्याने मराठी गळ्याला उच्चारांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. ‘जागे’मधला ज मराठी ‘जागा’सारखा दंततालव्य नव्हे, तर ‘जीव’मधल्यासारखा तालव्य हवा, ‘चमकत’मधल्या ‘च’चेही तेच. ही दुरुस्ती पहिल्याच बैठकीत करून घ्यावी, कारण चाल शब्दांसकट एकदा बसली की उच्चार बदलताना स्वराची फेकही हलते.