एचओ की ओओ? रूळ तेच, माप निराळे

उपनगरी किंवा प्रादेशिक रेल्वेगाडीची प्रतिकृती विकत घ्यायला निघालेल्या माणसाची पहिली गाठ बहुधा ‘एचओ’ आणि ‘ओओ’ या दोन नावांशी पडते. नावे कानाला सारखी वाटतात, दोन्हींचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात आणि एका प्रकारातली गाडी दुसऱ्याच्या रुळांवर सहसा विनातक्रार धावते. त्यामुळे ही एकाच मापाची दोन नावे असावीत असा समज होतो आणि नको ती गाडी घरी येते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर, तर प्रमाण म्हणजे प्रतिकृती खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्श्याची आहे तो आकडा. या दोन प्रकारांचे गेज एक आहे, प्रमाण मात्र वेगवेगळे आहे.

एचओचे प्रमाण १:८७ आहे, म्हणजे खऱ्या एका फुटासाठी साडेतीन मिलिमीटर, ओओचे १:७६.२, म्हणजे फुटाला चार मिलिमीटर. जगातल्या बऱ्याच देशांत वापरल्या जाणाऱ्या १४३५ मिलिमीटरच्या प्रमाणित गेजला ८७ने भागले तर १६.५च्या अगदी जवळचा आकडा येतो, म्हणून एचओची गाडी आपल्या रुळांवर शोभून दिसते. ओओमध्ये हे गणित जुळत नाही. १६.५ला ७६.२ने गुणले की १२५७ मिलिमीटर येतात, म्हणजे ओओची गाडी खऱ्या रुळांपेक्षा जवळजवळ १८ सेंटिमीटर अरुंद रुळांवर उभी असते. बाजूने पाहताना हे कळत नाही, समोरून पाहिले की चाके पोटाखाली ओढून घेतल्यासारखी दिसतात. ज्यांना हे खपत नाही असे हौशी लोक १८.८३ मिलिमीटरचे रूळ टाकतात आणि गाडीची चाकेही बदलतात, पण नवख्याने त्या वाटेला जाण्याचे काही कारण नाही.

असे विजोड माप रूढ झाले ते ब्रिटनमुळे. तिथले पूल आणि बोगदे जुने व अरुंद असल्याने गाड्या युरोप खंडातल्या गाड्यांपेक्षा अंगाने लहान आहेत, आणि त्या १:८७ने आणखी लहान केल्यावर दोन महायुद्धांमधल्या काळातल्या विजेच्या मोटर त्यांच्या पोटात मावेनात. तेव्हा रूळ तेच ठेवून वरचे अंग थोडे मोठे करण्याची तोड निघाली, आणि १९३८ साली आलेल्या हॉर्न्बी डब्लो या खेळण्यातल्या गाड्यांच्या मालिकेने ते माप घरोघरी पोहोचवले.

डोळा फसतो तोही याच इतिहासामुळे. ब्रिटिश उपनगरी डबा साधारण ३.८ मीटर उंच असतो. ओओमध्ये त्याचे सुमारे ५० मिलिमीटर होतात. खंडातला ४.३ मीटरपर्यंत उंचीचा डबा एचओमध्ये सुमारे ४९ मिलिमीटरचा होतो. दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या तर छपरे जवळजवळ एका रेषेत येतात आणि पाहणाऱ्याला मापे एकच वाटतात. फरक पाहायचा तो दारांत आणि माणसांत. दोन मीटर उंचीचे दार ओओमध्ये २६ मिलिमीटरचे असते आणि एचओमध्ये २३चे. ओओच्या पुतळ्यांना एचओच्या डब्यात बसवायला गेले की त्यांची डोकी खिडकीच्या वरच्या कडेला टेकतात.

लोकल गाड्यांच्या बाबतीत लांबीचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण इथे एक इंजिन नव्हे तर अख्खा रेक घ्यायचा असतो. म्युनिकच्या १९७२च्या ऑलिंपिकच्या वेळी सुरू झालेल्या एस-बान या उपनगरी सेवेची ४२० श्रेणीची तीन डब्यांची गाडी ६७.४ मीटर लांब आहे. एचओमध्ये ती सुमारे ७७५ मिलिमीटर भरते, आणि हीच गाडी ओओमध्ये बनवली असती तर ८८५ भरली असती. असे दोन रेक जोडून चालवायचे म्हटले तर ओओमध्ये फलाट एचओपेक्षा जवळजवळ पाव मीटर लांब करावा लागेल. एक गोम आणखी आहे. २६.४ मीटरचे जर्मन प्रादेशिक डबे एचओमध्ये ३०३ मिलिमीटरचे व्हायला हवेत, परंतु लहान वळणे घेता यावीत म्हणून काही उत्पादकांनी लांबी तेवढी १:१०० धरून ते २६४ मिलिमीटरचे केले आहेत. खोक्यावर एचओ लिहिलेले असूनही लांबी १:८७ची नसते, म्हणून रेक पुरा करताना डबे एकाच मापाचे आहेत ना, हे विचारून घ्यावे.

मग निवड कशी करावी? माझ्या मते आधी प्रमाण ठरवून गाडी शोधणे हे उलटे काम आहे. ओओ हे व्यवहारात ब्रिटिश गाड्यांचेच माप आहे: क्लास १५० ‘स्प्रिंटर’सारखी प्रादेशिक गाडी हवी असेल तर बॅकमन, हॉर्न्बी यांच्याकडे ती ओओमध्येच शोधावी, एचओमध्ये शोधून वेळ दवडू नये. जर्मन, ऑस्ट्रियन किंवा फ्रेंच गाडी हवी असेल तर रोको, पिको, मर्कलिन यांच्याकडे एचओच पाहावे. शोधताना एक बारकावा लक्षात असू द्यावा, तो म्हणजे जर्मन लेखनात एचओमधला ‘ओ’ हा शून्याचा आकडा असतो, त्यामुळे अक्षराने शोधले तर निम्मा माल दिसतच नाही. मर्कलिनच्या सुरुवातीच्या काळातल्या खोक्यांवर तर दोन शून्ये छापलेली असत, आणि आतली गाडी आज ज्याला एचओ म्हणतात त्या मापाची.

मर्कलिनच्या बाबतीत दुसरा धोका मापाचा नसून विजेचा आहे. त्यांची प्रणाली तीन रुळांची, मधल्या टिकल्यांमधून वीज घेणारी आहे, आणि तिच्या गाड्यांची चाके एकमेकांपासून विद्युतरोधित नसल्याने साध्या दोन रुळांवर ठेवताच शॉर्टसर्किट होते. दोन रुळांसाठी त्याच घराण्याचा ट्रिक्स हा ब्रँड आहे.

जपानी लोकल गाड्यांचे प्रकरण आणखी निराळे आहे. टोमिक्स आणि काटो आपल्या १६.५ मिलिमीटर रुळांवरच्या जपानी गाड्यांना एचओ म्हणतात, परंतु त्यांचे प्रमाण १:८० असते, म्हणजे २० मीटरचा डबा २५० मिलिमीटरचा होतो. त्या देशात अधिक चालते ते ९ मिलिमीटर रुळांवरचे १:१५०चे माप. तिथे गाडी मूळ संच आणि जोडसंच अशी विकली जाते. जोडसंचात बहुधा मोटर नसते, म्हणून स्वस्त दिसला तरी एकटा घेऊन उपयोग नाही.

खोके नसलेली जुनी गाडी घ्यायची असेल तर विक्रेत्याच्या शब्दावर न जाता मोजपट्टी लावावी. खऱ्या डब्याची लांबी मिलिमीटरमध्ये घेऊन प्रतिकृतीच्या लांबीने भागावी. २० मीटरच्या डब्याची प्रतिकृती २३० मिलिमीटर भरली तर ती एचओ, २६२ भरली तर ओओ. विक्रेता दूर असेल तर पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो मागवावा, आणि त्याच फोटोत कोणत्या डब्याखाली मोटर आहे तेही दाखवायला सांगावे.

दोन्ही प्रकार घरात आलेच, तर ओओची गाडी पुढच्या मार्गावर आणि एचओची मागच्या मार्गावर चालवावी. मागची लहान गाडी मग दूरची वाटते. फलाट मात्र सामायिक ठेवू नये. ब्रिटिश फलाटाची ९१५ मिलिमीटर उंची ओओमध्ये १२ मिलिमीटर होते, तर जर्मन प्रादेशिक स्थानकांवर आढळणारी ७६० मिलिमीटर उंची एचओमध्ये पावणेनऊपर्यंतच जाते, त्यामुळे कमी उंचीच्या फलाटासाठी बनलेल्या गाडीचा उंबरठा फलाटाच्या खाली जातो.