नगरविस्तार नियोजन : अदिस अबाबाभोवतीची शहरे

महानगराच्या वेशीवरच्या छोट्या शहरांत लोंढा येण्याआधीच रस्त्यांच्या जागा, पाण्याच्या वाटा आणि मोकळ्या जमिनी आखून राखून ठेवणे, याला नगरविस्तार नियोजन म्हणतात. घरे आधी आणि रस्ता मागून, हा क्रम उलटा करणे एवढेच त्यामागचे सूत्र. आफ्रिकेत या प्रयत्नाचे यश आणि फजिती दोन्ही इथिओपियात, विशेषतः राजधानी अदिस अबाबाच्या परिसरात ठळकपणे दिसतात. नकाशा काढणे हे यातले सर्वांत सोपे काम. ज्याची जमीन कसणीत आहे त्याला विश्वासात घेतल्याखेरीज नकाशावरची रेघ शेतात उतरत नाही, हे तिथे पुन्हा पुन्हा दिसून आले.

अदिस अबाबा हे स्वतंत्र दर्जाचे शहर असले तरी चारही बाजूंनी ओरोमिया प्रांताने वेढलेले आहे. ओरोमो लोक त्याला फिनफिन्ने म्हणतात. २००७ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २७ लाखांहून अधिक होती. शहर हद्दीबाहेर वाढू लागले तसे बुरायु, सबेता, सुलुलता, लेगेताफो-लेगेदादी, गेलान, दुकेम ही गावे फुगत गेली. दुकेमजवळ चिनी गुंतवणुकीतून औद्योगिक वसाहत उभी राहिली, २०१४ मध्ये अदिस अबाबा–अदामा हा सुमारे ८५ किलोमीटरचा टोल द्रुतगती मार्ग सुरू झाला आणि पाठोपाठ जिबूतीकडे जाणारा विजेवरचा लोहमार्ग आला. ओरोमिया सरकारने २००८ मध्ये या पट्ट्याचा एक विशेष विभाग केला होता. म्हणजे नोकरी एका प्रशासनात, घर दुसऱ्यात, आणि बसचा मार्ग दोघांचा.

इथिओपियात १९७५ पासून जमीन सरकारी मालकीची आहे. १९९५ च्या राज्यघटनेनेही जमिनीच्या खरेदी-विक्रीला मनाई केली. शेतकऱ्याकडे फक्त वहिवाट असते. शहराची हद्द शेतापर्यंत आली की पालिका जमीन संपादित करते आणि भाडेपट्ट्याने, बहुधा लिलावात, देते. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्याला मागच्या पाच वर्षांच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहापट भरपाई ठरवली. २०१९ मध्ये दहाऐवजी पंधरापट झाली, तीही मागच्या तीन वर्षांतल्या सर्वाधिक वार्षिक उत्पन्नाच्या. हिशोब तेफ या तिथल्या मुख्य धान्याच्या पिकाचा, जमिनीच्या बाजारभावाचा नव्हे. तीच जमीन पुढे लिलावात किती पटींनी जाते हे शेतकऱ्याला बांधावरून दिसते. त्यामुळे संपादनाची कुणकुण लागली की तो कागदाविना तुकडे पाडून विकायला लागतो. त्याच्या जागी कोणीही हेच केले असते.

या तुकड्यांवर जी घरे उभी राहतात त्यांना अम्हारिक भाषेत ‘चेरेका बेत’, म्हणजे चंद्रघर म्हणतात. दिवसा अधिकारी फिरतात, म्हणून चांदण्यात बांधायचे. निलगिरीच्या वाशांचा सांगाडा, त्यावर तेफच्या काडात मळलेल्या चिखलाचा लेप, वर पत्रे. सकाळी चूल पेटलेली दिसली की ते राहते घर. पुढे नियमित करण्याची वेळ आली की विशिष्ट वर्षाच्या हवाई छायाचित्रात छप्पर दिसते का, यावर निकाल लागतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि त्यातली सतत पुढे सरकणारी मुदत याच जातीची. मात्र आपल्याकडे गुंठा विकणारा सातबाऱ्यावरचा मालक असतो. तिथे विकणाऱ्याकडे मुळात मालकीच नसते, त्यामुळे घर पाडायला नोटीस पुरते. लेगेताफोत फेब्रुवारी २०१९ मध्ये असे मोठे पाडकाम झाले. घरांचे वीजबिल भरत होतो, असे सांगणारे रहिवासीही त्यात बेघर झाले.

राजधानी आणि भोवतालची शहरे यांचा एकत्रित आराखडा २०१४ मध्ये पुढे आला. तांत्रिकदृष्ट्या तो वेडगळ नव्हता. पाणी, कचरा, वाहतूक हद्द पाळत नाहीत हे खरेच आहे. पण ओरोमो शेतकऱ्यांना त्यात राजधानीने जमीन गिळणेच दिसले. एप्रिल २०१४ मध्ये आंबो आणि इतर ठिकाणचे विद्यार्थी रस्त्यावर आले, नोव्हेंबर २०१५ मध्ये आंदोलन पुन्हा भडकले, गोळीबारात अनेक जण मारले गेले. जानेवारी २०१६ मध्ये आराखडा मागे घेतला गेला. असंतोष मात्र निवला नाही. २०१८ मध्ये पंतप्रधान हैलेमरियम देसालेन यांच्या राजीनाम्यापर्यंत तो पोचला. नगररचनेच्या आराखड्यातून सत्तापालटाची ठिणगी पडल्याचे असे उदाहरण विरळा.

त्याच काळातली सेंदाफाची गोष्ट आराखड्याइतकी गाजली नाही, पण जास्त बोलकी आहे. अदिस अबाबाचा कचरा अनेक दशके कोशे इथल्या उघड्या डेपोत पडत होता. तो बंद करायचा म्हणून ओरोमियातल्या सेंदाफाजवळ नवी शास्त्रीय कचराभूमी बांधली गेली आणि २०१६ च्या सुरुवातीला गाड्या तिकडे जाऊ लागल्या. शेतकऱ्यांनी काही महिन्यांतच विरोध करून त्या थांबवल्या. गाड्या पुन्हा कोशेकडे वळल्या. ११ मार्च २०१७ रोजी तिथला ढिगारा कोसळून ११० हून अधिक माणसे गाडली गेली.

वेगळ्या वाटेचा प्रयोग २०१३ पासून अदामा, हवासा, बाहिर दार आणि मेकेले या चार शहरांत झाला. न्यूयॉर्क विद्यापीठातले श्लोमो एंजल यांची ही कल्पना. इथिओपियाचे नगरविकास मंत्रालय सोबत होते. यांपैकी अदामाच राजधानीच्या छायेतले. पद्धत जवळजवळ खटकावी इतकी साधी आहे. पुढच्या तीस वर्षांत किती जमीन लागेल याचा उदार अंदाज करायचा. तेवढा भाग पालिकेच्या अखत्यारीत आणायचा. त्यावर साधारण एकेक किलोमीटरवर ३० मीटर रुंदीच्या मुख्य रस्त्यांची जाळी आखायची आणि रस्त्यांची जागा ताब्यात घ्यायची. शिवाय नदीकाठ, टेकड्या अशा मोकळ्या जागा राखायच्या. बस्स. मधल्या चौकोनात काय उगवेल ते पुढचे पुढे. डांबर नंतर, आधी मातीचा रस्ता चालतो. मात्र बस आणि मोठ्या जलवाहिन्या जातील एवढी रुंदी पहिल्याच दिवशी हवी. तिथे घरे झाल्यावर ३० मीटर मोकळे करायचे तर काय होते, हे पुण्या-ठाण्यात रस्तारुंदी पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. भरपाईचा तिढा मात्र ही पद्धतही सोडवत नाही. संपादन आधी करते, एवढेच.

खासगी मालकीच्या जमिनीवर चित्र कसे बदलते हे केनियात दिसते. नैरोबीजवळच्या रुइरूची लोकसंख्या २००९ मध्ये सुमारे २.३९ लाख होती, २०१९ मध्ये ४.९० लाख. मध्ये २०१२ साली आठपदरी थिका महामार्ग खुला झाला होता. कॉफीचे मळे ५० बाय १०० फुटांच्या, म्हणजे आपल्या साडेचार गुंठ्यांच्या प्लॉटांत कापले गेले. कहावा वेंडानी, कहावा सुकारी या वस्त्यांच्या नावात आता फक्त ‘कॉफी’ उरली आहे; स्वाहिलीत कहावा म्हणजे कॉफी. मळा विकत घेणारा आपल्यापुरता रस्ता सोडतो, पण तो शेजारच्या मळ्यातल्या रस्त्याला जाऊन मिळेलच असे नाही. मलवाहिनी नसलेल्या भागात शोषखड्डे उपसणारे टँकर फिरतात, त्यांना तिथे ‘एक्झॉस्टर’ म्हणतात.

इथिओपियात ओरोमिया सरकारने २०२२-२३ मध्ये राजधानीभोवतालची शहरे जोडून शेगर नावाचे एकच शहर केले. राजधानीला वळसा घालणाऱ्या या शहराचा पहिला मोठा कार्यक्रम होता बेकायदा घरे पाडण्याचा.