दुकान गेले, अट राहिली

अमेरिकेत किंवा कॅनडात एखाद्या वस्तीतले सुपरमार्केट बंद पडते. इमारत शाबूत असते, गाड्या लावायला जागा असते, ट्रकमधून माल उतरवायचा धक्काही असतो. दुसऱ्या किराणावाल्याला तयार जागा मिळाली असे वाटते. पण अनेकदा खरेदीखतातच लिहिलेले असते, की इथे पुढची अमुक वर्षे किराणा विकायचा नाही. जुन्या कंपनीचे दुसरे दुकान जवळपास असते आणि तिला तिथले गिऱ्हाईक जपायचे असते.

मालक बदलला तरी अट का टिकते? सातबाऱ्यावरचा बोजा जसा जमिनीबरोबर जातो, तशीच हीही जाते. या नियमाचे मूळ लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये आहे. 1808 मध्ये टल्क यांनी तिथली बाग विकताना ती मोकळीच ठेवायची अट घातली. पुढे ती बाग मॉक्सहे यांच्याकडे आली. त्यांच्या खतात ती अट नव्हती, पण त्यांना ती ठाऊक होती. 1848 मध्ये न्यायाधीश लॉर्ड कॉटनहॅम यांनी ठरवले, की माहीत असून घेणाऱ्यालाही अट लागू. नाहीतर अटीमुळे स्वस्तात घेतलेली जागा दुसऱ्याच दिवशी चढ्या भावाने विकता आली असती. हेच तत्त्व आपल्याकडे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 40व्या कलमात आले.

त्या निकालाने बाग वाचली. किराणाच्या अटीत मात्र हिशेब उलटा होतो. विकणाऱ्याची स्पर्धा टळते, घेणाऱ्याला त्या बंधनापोटी जागा स्वस्त पडू शकते. झळ बसते ती व्यवहारात नसलेल्या शेजाऱ्यांना. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला पिशव्या घेऊन बस बदलत जावे लागते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. मला हा सरळ अन्याय वाटतो.

ब्रिटनने 2010 च्या आदेशाने मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांना अशा अटी घालण्यास मनाई केली, तरी त्यांतल्याच टेस्कोने तो आदेश 23 वेळा मोडल्याचे 2020 मध्ये उघड झाले. वॉशिंग्टन डीसीने 2018 मध्ये, तर कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताने 2025 मध्ये अशा अटींविरुद्ध कायदा केला. मॉलमधल्या भाडेकरारांत दडलेली कलमे शोधणे खरेदीखतातल्या अटी शोधण्याहून अवघड. शेजारचा गाळा दुसऱ्या किराणावाल्याला द्यायचा नाही, असे मालकाने आधीच्या भाडेकरूला लिहून दिलेले असते, आणि नव्याला ते गाळा मागायला गेल्यावरच कळते.