अरबी विज्ञानाच्या नोंदी कोणी ठेवल्या?

इस्लामी संस्कृतीतल्या विज्ञानाचा विषय निघाला की 'अरबांनी ग्रीकांची विद्या जपली आणि युरोपच्या हवाली केली' हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते फार अपुरं आहे. ते असं अपुरं का राहिलं, हे समजून घ्यायचं तर या विज्ञानाच्या नोंदी कोणी केल्या आणि त्यांतून काय निसटलं, तिकडे वळावं लागतं.

पहिल्या नोंदी त्या काळच्या विद्वानांनीच केल्या. नवव्या शतकात बगदादचा ख्रिस्ती वैद्य हुनैन इब्न इसहाक याने प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या १२९ ग्रंथांची यादी लिहिली. कोणत्या ग्रंथाचं सिरियाक (तिथल्या ख्रिस्ती विद्वानांची भाषा) किंवा अरबी भाषांतर कोणी केलं, कोणासाठी केलं आणि ते कसं उतरलं, हे त्याने ग्रंथागणिक सांगितलं. तर्कशास्त्रीय सिद्धतेवरच्या गॅलेनच्या एका ग्रंथासाठी तो इराक, सिरिया, पॅलेस्टाइन पालथा घालत थेट अलेक्झांड्रियापर्यंत गेला. हाती लागला तो दमास्कसमध्ये, आणि तोही निम्माच. आपल्या साधनांबद्दल इतक्या चोखपणे लिहिणारा भाषांतरकार त्या काळात विरळाच.

पुढे इ.स. ९८७ मध्ये बगदादच्याच इब्न अल-नदीम या ग्रंथविक्रेत्याने 'अल-फिहरिस्त' ही सूची तयार केली. धंदा पुस्तकांचा, त्यामुळे नजर व्यवहारी. कवींच्या संग्रहांची पानं सांगताना एका बाजूला वीस ओळी धराव्यात, हेसुद्धा त्याने स्पष्ट करून ठेवलं, म्हणजे गिऱ्हाइकाला अपुरी प्रत ओळखता यावी. या सूचीत आपलीही नोंद आहे: अब्बासी खलिफाचा वजीर याह्या बिन खालिद बरमकी याच्या आज्ञेवरून मंक नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत आणला. शिवाय, १०६८ मध्ये स्पेनमधल्या तोलेदोचा काझी साइद अल-अंदलुसी याने विद्येची जोपासना करणाऱ्या आठ राष्ट्रांचा इतिहास लिहिला, त्यात पहिला मान भारताला दिला.

तेराव्या शतकात इब्न अबी उसैबिआने वैद्यांची चरित्रं लिहिली, ती तीनशेहून अधिक. स्वतः वैद्य, दमास्कसमध्ये शिकलेला. त्याच शहरात, त्याच गुरूंकडे शिकलेला इब्न अल-नफीस मात्र या ग्रंथाच्या बहुतेक हस्तलिखितांत सापडत नाही. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्रं नसतात, रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येतं, हे त्याने अकराव्या शतकातला थोर वैद्य इब्न सीना याच्या ग्रंथातल्या शरीररचनेवरच्या भाष्यात गॅलेनला खोडून काढत लिहिलं होतं. हे आधुनिक वैद्यकाच्या लक्षात आलं ते १९२४ मध्ये. मुही अल-दीन अल-ततावी हा तरुण इजिप्शियन डॉक्टर जर्मनीत शिकत असताना बर्लिनच्या ग्रंथालयातली पोथी वाचत होता, तेव्हा हा मजकूर त्याच्यापुढे आला. इब्न अल-नफीस वारला १२८८ मध्ये. म्हणजे सहाशेहून अधिक वर्षांनी.

खगोलशास्त्रातही हेच घडलं. १९५७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यातून दिसलं की चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवणाऱ्या इब्न अल-शातिरचं चंद्रगतीचं प्रारूप आणि सोळाव्या शतकातल्या कोपर्निकसचं प्रारूप जवळजवळ एकच आहे. बैरूतमध्ये शिकवणारे एडवर्ड केनेडी यांनी त्याच्या आदल्या वर्षीच सव्वाशे खगोलीय कोष्टक-ग्रंथांचं सर्वेक्षण छापलं होतं. 'सुवर्णयुग अकराव्या-बाराव्या शतकात संपलं' या समजुतीला इथे पहिला मोठा तडा गेला. बाराव्या शतकानंतर अरबीत लिहिलेलं फारसं काही लॅटिनमध्ये गेलं नाही, त्यामुळे युरोपच्या इतिहासकारांना ते दिसलं नव्हतं. दिसलं नाही म्हणून घडलंच नाही, असं धरणं ही इतिहासलेखनातली मोठी चूक होती.

या कामात हैदराबादचा वाटा मोठा आहे आणि आपल्याकडे त्याची आठवण फार कमी निघते. १८८८ मध्ये तिथे स्थापन झालेल्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने इब्न अल-हैसम, अल-खाझिनी, अल-सूफी यांचे अरबी ग्रंथ छापले. अल-बिरूनीच्या 'अल-कानून अल-मसूदी'चे तीन खंड १९५४ ते १९५६ दरम्यान निघाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. जगभरचे अभ्यासक आजही या आवृत्त्या वापरतात.

सगळ्यात मोठी सूची एकट्या फुआत सेझगिन यांनी उभी केली. १९६० च्या लष्करी उठावानंतर इस्तंबूल विद्यापीठातून काढून टाकलेले हे तुर्की संशोधक फ्रँकफुर्टला गेले. १९६७ पासून त्यांच्या अरबी ग्रंथांच्या इतिहासाचे खंड निघू लागले आणि १९८२ मध्ये त्यांनी तिथे स्वतंत्र संस्था स्थापन केली. ग्रंथांतल्या वर्णनांवरून जुनी उपकरणं पुन्हा बनवून घेतली. त्यांचं संग्रहालय २००८ मध्ये इस्तंबूलच्या गुलहाने बागेत उघडलं. मात्र वैद्यक, गणित आणि खगोलाचे त्यांचे खंड हिजरी ४३० पाशी, म्हणजे इ.स. १०३८-३९ च्या सुमारास थांबतात. इब्न अल-नफीस आणि इब्न अल-शातिर दोघेही त्या हद्दीबाहेर पडतात. त्या दोघांच्या काळातल्या पोथ्यांसाठी इस्तंबूल, कैरो, तेहरान, रामपूर, पाटणा इथल्या ग्रंथालयांच्या वेगवेगळ्या सूच्या चाळाव्या लागतात.