ग्लो, ग्लिटर, ग्लॅमर: इंग्रजीतल्या 'जीएल'वाल्या शब्दांमागचा इतिहास

ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लेअर, ग्लिसन, ग्लिमर, ग्लॉस. इंग्रजीतले जीएलने सुरू होणारे शब्द असे एका दमात वाचले की प्रत्येकात काहीतरी चमकतंय, आणि पुढे ग्लान्स, ग्लिम्प्स, ग्लॉवर घेतले तर चमक नाही पण डोळा आहे, म्हणजे बघणं आहे. एसएनवाले घ्या, स्नोअर, स्नीझ, स्निफ, स्नॉर्ट, स्नाउट, सगळे नाकापाशी जमलेले. मुलांना व्होकॅब्युलरी शिकवताना ही ट्रिक बरेच जण सांगतात, की सुरुवातीची अक्षरं बघा आणि अर्थाचा अंदाज बांधा. ट्रिक चांगलीच आहे, पण हे असं का झालं यावर जवळजवळ अडीच हजार वर्षं वाद चाललाय आणि खरी मजा त्या वादात आहे, म्हणून जरा मागे जाऊन बघू.

सगळ्यात जुनं टोक ग्रीसमधलं. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' नावाच्या संवादात सॉक्रेटिस आणि दोघेजण याच गोष्टीवर बोलतात, की वस्तूला नाव पडतं ते लोकांनी ठरवलं म्हणून, की त्या नावातल्या आवाजातच वस्तूचा गुण असतो म्हणून. तिथे सॉक्रेटिस म्हणतो की 'ल' उच्चारताना जीभ घसरते, पण त्याच्या आधी 'ग' आला की तो त्या घसरणाऱ्या जिभेला अडवून धरतो, म्हणून ग्रीकमध्ये चिकट, गोड, चिकचिकीत अशा गोष्टींचे शब्द 'ग्ल'ने सुरू होतात. म्हणजे बघा, तोच ग्ल, इंग्रजाला त्यात चमक दिसते आणि ग्रीकाला चिकटपणा. आवाजातच अर्थ असता तर दोघांना एकच दिसायला हवं होतं ना? आपल्याकडेही यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात, हा वाद आहे, यास्क म्हणतो 'काक' हे नाव त्या पक्ष्याच्या आवाजाच्या नकलेवरून पडलं, आणि लगेच औपमन्यव नावाच्या दुसऱ्या आचार्याचं मत नोंदवतो की अशी आवाजाची नक्कल वगैरे काही नसते.

मग इंग्रजीत ग्लमध्ये चमक आली कुठून? बराचसा भाग वारशाचा आहे. इंडो-युरोपीय भाषांचा जो मूळ धातू भाषाशास्त्रज्ञ 'घेल्' असा मांडतात त्याचा अर्थ चमकणे, आणि त्यातूनच पिवळ्या-हिरव्या रंगाचे शब्द निघाले असं सहसा मानतात. जर्मॅनिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या गटात, त्या घचा ग झाला आणि ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लास, गोल्ड असं अख्खं घराणं तयार झालं, यलोसुद्धा तिथलाच, फक्त त्याच्या सुरुवातीच्या गचा पुढे य झाला. संस्कृतात याच आवाजाचा ह झाला. म्हणून तिकडे गोल्ड आणि इकडे हिरण्य, आणि त्याच हमधून हरि, हरित, हरिद्रा, म्हणजे आपली हळद. हा ग-ह चा बदल काही एका शब्दापुरता नाही, तिकडे गूस आणि इकडे हंस हीही तीच जोडी. मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते ग्लासचं. रोमन इतिहासकार टॅसिटस पहिल्या शतकाच्या शेवटी लिहितो की बाल्टिक समुद्राच्या काठचे लोक अंबर, म्हणजे झाडाच्या राळेचे दगड झालेले पिवळसर खडे, गोळा करतात आणि त्याला 'ग्लेसम' म्हणतात, म्हणजे काचेचं नाव आणि त्या पिवळ्या चमकणाऱ्या अंबरचं नाव एकाच घरातलं. ग्लॅडसुद्धा असाच, आज त्याचा अर्थ खूश असा आहे पण जुन्या इंग्रजीत तो उजळ, चकाकणारा असाही होता.

पण सगळंच वारशाने आलेलं नाही, आणि ट्रिक सांगणारे इथे घाई करतात. ग्लोरी लॅटिनमधून आला, ग्लेशियर फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी बर्फाचा लॅटिन शब्द आहे, या दोघांचा त्या चमकणाऱ्या घराण्याशी रक्ताचा संबंध दाखवता येत नाही. ग्लान्सचं तर बघण्याशी सुरुवातीला काही देणंघेणंच नव्हतं, वार घसरून बाजूला जाणे असा अर्थ होता, नंतर नजर घसरते तिकडे तो गेला. आणि ग्लॅमर! हा शब्द चक्क ग्रामरपासून निघालाय. मध्ययुगात ग्रामर म्हणजे लॅटिनची विद्या, आणि सामान्य माणसाला वाटायचं एवढं शिकलेल्या माणसाला जादूटोणाही येत असणार, त्यामुळे त्याच शब्दाला गूढविद्या असा अर्थ चिकटला. स्कॉटलंडमध्ये त्याचं ग्लॅमर झालं, म्हणजे डोळ्यांवर घातलेली भूल, नसलेलं दिसायला लावणारी. अठराव्या शतकात कवी अॅलन रॅम्झे हाच अर्थ देतो, की जादूगार बघणाऱ्याची नजर फसवतात तेव्हा ग्लॅमर टाकलं म्हणतात. पुढे वॉल्टर स्कॉटच्या लिखाणातून तो शब्द इंग्लंडभर गेला आणि विसाव्या शतकात सिनेमावाल्यांच्या झगमगाटाला लागला. र चा ल होऊन तो जीएलच्या घोळक्यात येऊन बसला नसता तर त्याला इतकी झळाळी आली असती का, मला तरी शंका आहे. आणि दुसरीकडे ग्लव्ह, ग्लोब, ग्लँड, ग्लू हे शब्द जीएलनेच सुरू होतात पण त्यांच्यात ना चमक ना नजर.

इंग्रजीतली ही अक्षरांची गंमत पहिल्यांदा नीट यादी करून मांडली ती जॉन वॉलिसने. माणूस गणिती, ऑक्सफर्डला भूमितीचा प्रोफेसर, इन्फिनिटीचं आडवं आठचं चिन्ह गणितात आणलं तेही त्यानेच, आणि इंग्लंडच्या यादवीत पार्लमेंटच्या बाजूने शत्रूची सांकेतिक पत्रं फोडायचा, त्यामुळे अक्षरांमध्ये पॅटर्न शोधायची सवय त्याला असणारच. १६५३ साली त्याने इंग्रजीचं व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलं आणि त्यात लिहिलं की एसटी म्हणजे स्थिरपणा आणि ताकद, डब्ल्यूआर म्हणजे वाकडेपणा आणि पिळणं, सीएल म्हणजे चिकटणं, धरून ठेवणं. एसटीमध्ये स्टँड, स्टे असे शब्द येतात आणि आपल्याला लगेच स्थान, स्थिर आठवतं, ते बरोबरच आहे, धातू एकच आहे. पण सीएलचं जास्त भारी आहे. वॉलिसचे क्ले आणि चिकटणे अर्थाचा क्लीव्ह हे शब्द आणि सॉक्रेटिसने सांगितलेला चिकचिकीतपणाचा ग्रीक शब्द, हे मुळात एकाच 'ग्ल'वाल्या धातूचे, कारण मूळ ग चा ग्रीकमध्ये ग च राहिला आणि जर्मॅनिकमध्ये क झाला. हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला, त्याआधी वॉलिसला हे कळायचा मार्गच नव्हता. म्हणजे दोन हजार वर्षांच्या अंतराने दोघांनाही वाटलं की आपल्याला आवाजातला निसर्ग ऐकू येतोय, आणि दोघेही निदान या शब्दांपुरता एकच जुना वारसा ऐकत होते! सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या डिक्शनरीच्या व्याकरणात वॉलिसची ही यादी घेतली खरी, पण सोबत शेराही मारला की कल्पना हुशारीची आहे, पक्केपणा कमी आहे.

वॉलिसच्याच काळात त्याच्या ओळखीतल्या जॉन विल्किन्सने उलट्या दिशेने जाऊन बघितलं. त्याला वाटलं की भाषेत आहे ते शोधण्यापेक्षा अशी भाषाच बनवावी की सुरुवातीची अक्षरं पाहून वस्तू कुठल्या गटातली ते कळेल. १६६८ साली त्याने ती छापली, 'दे' म्हणजे मूलतत्त्व, 'देब' म्हणजे त्यातला अग्नी, पुढे एक स्वर लावला की ज्वाला. प्रचंड मेहनत होती, पण ती भाषा कोणी बोललं नाही. अडचण सरळ आहे, जवळच्या अर्थाचे सगळे शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येणार आणि एक अक्षर चुकलं की एका झाडाऐवजी दुसरंच झाड.

विसाव्या शतकात स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचं म्हणणं जोरात होतं, त्याची लेक्चर्स १९१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या नोट्सवरून छापली गेली, आणि त्यात शब्द आणि अर्थ यांचं नातं यादृच्छिक आहे, म्हणजे लोकांनी मानलं म्हणून आहे, असं ठामपणे म्हटलेलं. मग जीएलचं काय करायचं? याला नाव दिलं भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थने. यॉर्कशायरचा हा माणूस १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब युनिव्हर्सिटीत इंग्रजीचा प्रोफेसर होता, लंडनला परत गेल्यावर १९३० मध्ये त्याने अशा अक्षरगटांसाठी 'फोनेस्थीम' हा शब्द वापरला. त्याचं म्हणणं मला सगळ्यात पटतं. तो म्हणतो आवाजात जन्मजात काही नसतं, स्लॅक, स्लाउच, स्लश असे शब्द आपण सारखे एकत्र ऐकतो, मग एसएल कानावर पडलं की थोडं नकोसं वाटायला लागतं, ही सवय आहे. आणि सवय एकदा लागली की ती नवीन शब्दांना ओढायला लागते.

स्नीझचा इतिहास बघा म्हणजे ही ओढ दिसेल. जुन्या इंग्रजीत शिंकण्याचा शब्द एफएनने सुरू व्हायचा, चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरच्या हस्तलिखितांतही 'फ्नेसेथ' असा येतो. पंधराव्या शतकापर्यंत एफएनवाले शब्द जवळपास संपलेले, आणि त्या वेळचं लांब एस हे अक्षर एफसारखंच दिसायचं, त्यामुळे वाचणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी त्याला एसएन केलं असं बरेच अभ्यासक मानतात. नुसती वाचायची चूक असती तर कदाचित टिकली नसती, पण तिकडे स्नाउट, स्नॉर्ट हे नाकवाले आधीच बसलेले होते, शिंक त्यांच्यात मस्त मिसळून गेली.

हे सगळं फक्त डिक्शनरी चाळणाऱ्यांचं कौतुक आहे की बोलणाऱ्याच्या डोक्यातही असतं, हे भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन बर्गनने २००४ मध्ये तपासलं. आधी 'ग्लिटर' दाखवून मग 'ग्लो' दाखवला तर हा शब्द आहे हे लोक जास्त लवकर ओळखतात, आणि हा फायदा नुसत्या सारख्या स्पेलिंगने किंवा नुसत्या जवळच्या अर्थाने मिळतो त्यापेक्षा जास्त निघाला, दोन्ही एकत्र असले तरच. त्याने मोजणीही दिली, इंग्रजी मजकुराच्या एका मोठ्या संग्रहात जीएलने सुरू होणाऱ्या वेगवेगळ्या शब्दांपैकी साधारण ३९ टक्के प्रकाश किंवा नजरेशी जोडलेले होते. म्हणजे मुलांना ट्रिक सांगताना हेही सांगायला पाहिजे की दहातले सहा शब्द ती पाळत नाहीत, नाहीतर परीक्षेत ग्लूचा अर्थ प्रकाश लिहून येतील.

आणि ही ओढ अजून चालूच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन इंग्रजीत दोन शब्द रुळले, ग्लिट्झ आणि ग्लिच, दोन्ही बहुधा यिडिशच्या, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या जर्मनसारख्या भाषेच्या, वाटेने आलेले. ग्लिट्झ म्हणजे भपका, तो लगेच ग्लिटर आणि ग्लॅमरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. ग्लिचचा मूळ अर्थ घसरणं, तो इंजिनिअर लोकांनी मशीनच्या बारीक बिघाडासाठी वापरला, अंतराळवीर जॉन ग्लेनने १९६२ मध्ये लिहून तो सगळ्यांपर्यंत नेला, आणि तो आजपर्यंत त्या चमकणाऱ्या रांगेत गेलेला नाही.